कुत्र्यामांजरांच्या क्लिनिकमधून अ‍ॅनिमल हाऊसकडे वळावं का? एका लॅब अ‍ॅनिमल व्हेटचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: व्हेटर्नरीची डिग्री झाली, दोन वर्षं पेट प्रॅक्टिस झाली, आता लॅब अ‍ॅनिमल मेडिसिनची रेसिडेन्सी करावीशी वाटते, पण घरचे म्हणतात उंदरांचा डॉक्टर होऊन काय करणार. तर यात नेमकं शिकवतात काय, पीएचडी लागतेच का, आणि ट्रान्सलेशनल रिसर्चमध्ये (लॅबमधलं संशोधन माणसाच्या उपचारापर्यंत नेणारं काम) व्हेटला कोणी विचारतं का, की नुसतं प्राणी सांभाळायला ठेवतात?

डॉक्टर, या कामात माझी वीसच्या वर वर्षं गेली, त्यातली बरीचशी नव्या रेसिडेंटना शिकवण्यात, त्यामुळे उत्तर काही आटोपशीर होणार नाही. वेळ असेल तेव्हा वाचा.

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उंदरांचेच डॉक्टर आहोत आपण, निदान संख्येने तरी, कारण कुठल्याही अ‍ॅनिमल हाऊसमध्ये (प्रयोगाचे प्राणी ठेवतात ती जागा) सगळ्यात जास्त माईस म्हणजे छोटे उंदीर, त्याखालोखाल रॅट म्हणजे मोठे, मग ससे, गिनी पिग वगैरे. पण क्लिनिकमध्ये तुमच्यासमोर एक पेशंट असतो आणि त्याच्यासाठी जीव टाकणारा मालक असतो. इथे पेशंट हजारो आणि मालक म्हणावा असा कोणी नाही. जो रिसर्चर स्वतःला मालक समजतो त्याला बऱ्याचदा प्राणी दिसतच नाही, त्याला ग्राफ दिसतो. आणि अटेंडंटला प्राणी दिसतो पण ग्राफ त्याला कोणी दाखवत नाही. या दोघांच्या मधे उभं राहून दोन्ही बघता येणं, एवढंच आमचं ट्रेनिंग आहे, बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

माझा पहिला आठवडा सांगते. रॅट रूममध्ये शिरले तर एका पांढऱ्या रॅटच्या डोळ्याभोवती आणि नाकपुडीशी लालभडक. मी क्लिनिकमधून आलेली, डोक्यात लगेच ट्रॉमा, क्लॉटिंगचा प्रॉब्लेम, अगदी उंदीर मारायच्या औषधाची बाधा सुद्धा (हो, लॅबमध्ये! असो), आणि मी रक्त काढायची तयारी करायला लागले. तिथे निवृत्तीला आलेले एक अटेंडंट होते, त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांनी ओला कापूस त्या डोळ्यावरून फिरवला, बोळा मला दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, हे रक्त नाही. या रांगेतल्या सगळ्यांनाच आहे बघा. वरच्या मजल्यावर कालपासून ड्रिल चाललंय."

ते पॉर्फिरिन होतं. रॅटच्या डोळ्यामागे हार्डेरियन ग्रंथी असते, तिच्या स्रावात हे लाल रंगद्रव्य असतं, एरवी रॅट स्वतःचं तोंड पुसून साफ ठेवतो म्हणून दिसत नाही, पण ताण आला, दुखत असलं, आजारी असला की एक तर स्राव वाढतो आणि पुसणंही थांबतं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की ते गुलाबी-लाल चमकतं, रक्त तसं चमकत नाही, एवढी साधी टेस्ट. एकाच रॅटला असेल तर तो रॅट तपासा, अख्ख्या रांगेला असेल तर खोली तपासा. काकांनी खोली आधीच तपासली होती. आणि त्याच रांगेत एका स्टुडंटची ब्लड प्रेशरची स्टडी चालू होती, तो पुढे महिनाभर माझा डेटा एवढा विखुरलेला का म्हणून डोकं धरून बसला होता. त्याला ड्रिलबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं, कारण त्याने कधी काकांना काही विचारलं नव्हतं, आणि तोवर मीही नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रेसिडेंटला मी पहिले सहा आठवडे ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवत नाही. अटेंडंटबरोबर केज बदलायचे, बेडिंग टाकायचं, पाण्याच्या बाटल्या बघायच्या, मेलेले प्राणी नोंदवायचे. काहीजण तोंड वाकडं करतात, आम्ही पोस्ट ग्रॅज्युएट झालो ते पिंजरे धुवायला का असं थेट विचारणारा पण एक भेटला. ऑफिसात बसून, कॉम्प्युटरवर हेल्थ रिपोर्ट बघून उंटावरून शेळ्या हाकणारे व्हेट मी भरपूर पाहिलेत, त्यांना पिनवर्म किंवा माऊस हिपॅटायटिस व्हायरस आलाय हे लॅब रिपोर्टमध्ये कळतं, पण अमुक केजमधली मादी तीन दिवसांपासून घरटं बांधत नाहीये हे कळत नाही.

घरट्याचं आलंच आहे तर सांगते. माऊस हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवणं हे त्याच्या रक्तातच आहे. तुम्ही दार उघडून लाइट लावून धाडकन आत गेलात की दुखणारा माऊससुद्धा सावध होऊन नॉर्मल दिसतो. आत जाऊन दोन मिनिटं हलू नका, मग बघा. २०१० साली मॅकगिल युनिव्हर्सिटीत जेफ्री मोगिल यांच्या ग्रुपने माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत काढली: डोळे किती मिटलेत, नाक आणि गाल कसे फुगलेत, कान कुठे आहेत, मिशा कशा आहेत, प्रत्येकाला ० ते २ मार्क. मला ही शिकायला दोन आठवडे लागले, पण एकदा ती नजर बसली की नंतर ती काढून ठेवता येत नाही, घरी फोटोतल्या माऊसलाही मार्क द्यायला लागते मी.

एकदा संध्याकाळी साडेसहाला एका रेसिडेंटने मला बोलावलं. सकाळी आठला पोटाची सर्जरी झालेले माईस, रिसर्चरचं म्हणणं सगळे हिंडतायत, खातायत, मस्त आहेत. केजमध्ये घरट्यासाठी कापसाचा दाबलेला चौकोन ठेवतात, चांगला माऊस काही तासांत तो कुरतडून पिंजून त्याचा गुबगुबीत गोळा करतो. सहापैकी चार केजमधे तो चौकोन सकाळी ठेवला तसाच होता, कोपरासुद्धा कुरतडलेला नाही. माईस हिंडत होते खरे, पण पाठ वर काढून, केस पिंजारलेले. सकाळी ब्युप्रेनॉर्फिन हे पेनकिलर दिलं होतं, साध्या फॉर्म्युलेशनचा असर माऊसमध्ये काही तासच टिकतो, आणि पुढचा डोस प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या लेखी आराखड्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेला, कारण लिहिणाऱ्याची ड्यूटी सकाळची. डोस दिला, रात्री दहाला परत पाहिलं तर तीन चौकोन फाटलेले होते. त्या रेसिडेंटने हे स्वतः पकडलं याचा मला त्याच्या परीक्षेच्या रिझल्टपेक्षा जास्त आनंद झाला.

यावर रिसर्चरचं ठरलेलं वाक्य असतं, पेनकिलरने माझा डेटा बिघडेल. अहो, वेदनेने बिघडत नाही का? दुखणाऱ्या प्राण्याचे स्ट्रेस हॉर्मोन, इम्युनिटी, खाणं, झोप सगळंच बदललेलं असतं. हे भांडून सांगायचं नसतं, आकडे दाखवून सांगायचं असतं, आणि ते कसं सांगायचं हा ट्रेनिंगचा मोठा भाग आहे जो कुठल्याच अभ्यासक्रमात धड लिहिलेला नसतो. पकडण्याचंही तेच. माऊसला शेपटीने उचलायची पद्धत सगळीकडे, पण २०१० सालीच लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले माईस माणसापासून लांब पळतात, जास्त घाबरट वागतात, आणि नळीतून किंवा ओंजळीत उचललेले बरेच निवांत असतात. म्हणजे तुम्ही भीतीचा प्रयोग करताय आणि अर्धी भीती तुमच्याच चिमटीतून जातेय.

आता नेमकं शिकवतात काय ते पटकन. प्रत्येक प्रजातीच्या खोडी: सशांमध्ये बऱ्याच जणांत अ‍ॅट्रोपिन तोडणारं एन्झाइम असतं म्हणून तिथे त्याऐवजी ग्लायकोपायरोलेट हे दुसरं औषध, गिनी पिगला व्हिटॅमिन सी बाहेरून लागतं आणि पेनिसिलिन दिलं तर आतड्यातले चांगले बॅक्टेरिया मरून तोच दगावू शकतो, रॅट-माईसना उलटी करताच येत नाही म्हणून भुलीआधी उपाशी ठेवायची गरज नसते, २५ ग्रॅमच्या माऊसमधे सगळं रक्त मिळून दोन मिलीच्या आसपास, त्यामुळे एका वेळी ०.२ मिलीच्या वर काढू नका. भूल दिल्यावर माऊस औषधाने कमी आणि गारठून जास्त मरतो, हीटिंग पॅड आधी, सिरिंज नंतर. मग पॅथॉलॉजी, जेनेटिक्स, ब्रीडिंग, इमारतीची हवा आणि प्रेशर, बायोसेफ्टी, कायदे. माकडांबरोबर काम असेल तर हर्पीस बी व्हायरस, मकाक माकडात तो साधासा असतो पण माणसाला जीवघेणा, १९९७ मध्ये एका तरुण संशोधिकेच्या डोळ्यात माकडाच्या अंगावरचा थेंब उडाला आणि ती गेली, तेव्हापासून गॉगल्सबद्दल मी कोणाचं काही ऐकून घेत नाही.

या विषयाची परीक्षा घेणारी कॉलेजेस, म्हणजे तज्ज्ञ व्हेटच्या संस्था, आहेत. अमेरिकेतलं १९५७ पासून, युरोपातलं २००० पासून, जपान आणि कोरियातही आहेत. साधारण दोन-तीन वर्षांची रेसिडेन्सी किंवा मग बऱ्याच वर्षांचा अनुभव, आणि अमेरिकन बोर्डाला बसायचं तर तुम्ही फर्स्ट ऑथर असलेला पीअर रिव्ह्यू झालेला पेपर लागतो. या पेपरच्या अटीवर लोक कुरकुरतात. मला विचाराल तर अख्ख्या ट्रेनिंगमधली सगळ्यात शहाणी अट तीच. आपला स्वतःचा प्रयोग फसल्याशिवाय दुसऱ्याच्या प्रयोगाला सल्ला देऊ नये असं माझं मत आहे, आणि माझा साग्रसंगीत फसला होता.

आठ केज, प्रत्येकात पाच माईस, एकूण चाळीस. चार केजना औषध पाण्याच्या बाटलीतून, चार केजना नुसतं पाणी. सोयीसाठी औषधवाले चारही केज रॅकच्या वरच्या फळीवर ठेवले, म्हणजे बाटली चुकायला नको, हुशारीच ना. तीन महिन्यांनी सगळे आकडे घेऊन मी स्टॅटिस्टिक्सवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं एन, म्हणजे स्वतंत्र नमुने, किती, मी म्हटलं चाळीस. त्या म्हणाल्या औषध माऊसला दिलंत की केजला? बाटली केजला होती. मग तुमचा एन आठ. मी गप्प. मग विचारलं केज कुठे होते? मी वरची फळी सांगितली. वरच्या फळीवर लाइट जास्त पडतो, तिथे उजेड, ऊब, माणसांचा वावर सगळंच वेगळं, आणि माझे सगळे औषधवाले तिथे. म्हणजे मी तीन महिने औषध तपासलं की ट्यूबलाइट, हे आजही मला सांगता येणार नाही. चाळीस जीव गेले, हे मात्र सांगता येतं. त्यानंतर मी प्रोटोकॉल वाचताना औषधाचं नाव वाचायच्या आधी कुठला प्राणी कुठल्या ग्रुपमधे हे कसं ठरवलं आणि केज कुठे ठेवणार हे वाचते.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन आर सांगितले: प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येतं का, कमी प्राण्यांत भागतं का, त्रास कमी करता येतो का. सगळ्यांना पाठ असतात, प्रोटोकॉलच्या फॉर्ममधे तीन रकाने असतात आणि तिन्हीत लोक आधीच्या फॉर्मवरून कॉपी मारतात. दुसरा आर म्हणजे नुसती संख्या कापणं नव्हे हे मला त्या चाळिसांनी शिकवलं, कारण फसलेल्या प्रयोगात चारच प्राणी असते तरी ते चारही जास्तच होते.

आता ट्रान्सलेशनलचा मुद्दा, तुमचा खरा प्रश्न तो आहे. व्हेटला कोण विचारतं? मी उलट विचारते, व्हेट नसेल तर काय होतं? एक पोस्टडॉक एकदा माझ्याकडे आला, त्याच्या नव्या ट्रान्सजेनिक माईसची स्मरणशक्ती कमालीची खराब, पाण्याच्या टबात लपवलेला प्लॅटफॉर्म त्यांना सापडतच नाही, पेपर लिहायला घेतलेला. मी विचारलं स्ट्रेन, म्हणजे माईसचा वंश, कुठला. एफव्हीबी. मी म्हटलं, बाळा, एफव्हीबीला आरडी१ म्युटेशन असतं, दूध तुटायच्या वयापर्यंत त्यांच्या रेटिनाची वाट लागलेली असते, ते आंधळे आहेत. टबाभोवतीच्या भिंतीवरच्या खुणा बघून रस्ता शोधायचा असतो त्या टेस्टमधे! लपवलेला सोडा, झेंडा लावून समोर दिसणारा प्लॅटफॉर्म तरी त्यांना सापडतो का बघ. नाही सापडला. सी३एच माईसचंही तेच. आणि सगळ्यांचा लाडका ब्लॅक सिक्स स्ट्रेन, त्याचे जे आणि एन हे दोन उपप्रकार लोक सर्रास एकमेकांत मिसळतात, पण एनमध्ये डोळ्याचं आरडी८ म्युटेशन आहे आणि जेमध्ये एनएनटी नावाचा जीन मोडलेला आहे, जो मेटाबॉलिझमच्या स्टडीला नडू शकतो. हे ज्ञान कोणाकडे असायला हवं? ज्याच्याकडे दोन्ही रूमच्या चाव्या आहेत त्याच्याकडे.

बॅक्टेरियाचं तर विचारूच नका. २००९ साली न्यूयॉर्कच्या लिटमन लॅबने दाखवलं की दोन कंपन्यांकडून आणलेल्या त्याच ब्लॅक सिक्स माईसच्या आतड्यात टीएच१७ नावाच्या इम्युनिटीच्या पेशी एकात भरपूर आणि एकात जवळपास नाहीत, आणि फरक कसला तर सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया नावाच्या एका जंतूचा. म्हणजे मधेच सप्लायर बदलला तर तुमचा इम्युनॉलॉजीचा अर्धा पेपर बदलला. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एका कॅन्सर स्टडीत ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या कंट्रोल माईसना लिव्हरचे ट्यूमर निघाले, आणि शोधता शोधता हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस हा नवीन जंतू सापडला. त्या कंट्रोलचे लिव्हर बारकाईने बघणारे पॅथॉलॉजीवाले नसते तर तो आकडा कुठल्यातरी टेबलमधे जाऊन बसला असता. तापमानाचं पण तसंच, लॅबमध्ये आपण माईसना साधारण २० ते २६ डिग्रीत ठेवतो कारण गाऊन घातलेल्या माणसाला ते बरं वाटतं, माऊसला स्वतःला ३० च्या आसपास आवडतं, आणि २०१३ मध्ये बफलोच्या एका ग्रुपने दाखवलं की ऊबेत ठेवलेल्या माईसमधे ट्यूमर हळू वाढतात.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट टीजीएन १४१२ ची. मार्च २००६, लंडन, सहा निरोगी माणसांना पहिल्यांदाच हे अँटिबॉडीचं औषध दिलं, किलोला ०.१ मिलिग्रॅम, माकडांना जो डोस सहज पचला त्याच्या पाचशेवा हिस्सा. दीड तासाच्या आत सगळ्यांची तब्येत ढासळायला लागली, सायटोकाइन स्टॉर्म म्हणजे इम्युनिटीचा बेफाम भडका, अवयव बंद पडायला लागले, सगळे आयसीयूत. सहाही वाचले, पण थोडक्यात. माकड आणि माणूस दोघांत ते औषध जिथे चिकटतं तो सीडी२८ रिसेप्टर सारखाच, हे तपासलेलं होतं. पण माणसाच्या ज्या मेमरी टी पेशींवर तो असतो, त्या माकडाच्या पेशींवर तो राहतच नाही. दार सारखं आहे एवढंच बघितलं, दार कुठल्या खोलीला आहे हे राहून गेलं.

याचा पुढचा भाग व्हेटसाठी जास्त टोचणारा आहे. २०१९ मध्ये सायन्स जर्नलमधे काम आलं, लॅबच्या ब्लॅक सिक्सचे एम्ब्रियो रानातल्या उंदरीच्या पोटात वाढवले, जीन लॅबचे पण जंतू रानातले, वाइल्डलिंग म्हणतात त्यांना. या वाइल्डलिंगना सीडी२८ चं तसंच औषध दिलं तर त्यांची इम्युनिटी माणसासारखी भडकली, आणि साध्या स्वच्छ लॅब माईसमधे तसं काही झालं नाही. आता बघा, आम्ही आयुष्यभर काय करतो? ऑटोक्लेव्ह, फिल्टर, क्वारंटाइन, सेंटिनल (जंतू आलेत का हे कळायला ठेवलेले प्राणी), जंतू आत येऊ द्यायचे नाहीत. ते चुकीचं नाही, माऊस पार्व्होव्हायरस घुसला की कॉलनी रिकामी करायची वेळ येते ते मी भोगलंय. पण आपण एवढा घासूनपुसून बनवलेला प्राणी माणसाचं मॉडेल म्हणून किती चालतो, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे, कारण तो स्वच्छ ठेवतो आपणच. माझ्या रेसिडेंटना मी हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारते आणि याला बरोबर उत्तर नाहीये, कुठल्या प्रश्नासाठी कुठला प्राणी आणि किती स्वच्छ, हे त्यांनी वाद घालून ठरवायचं.

आणि व्हेट नुसता पहारेकरी नसतो. ब्रिआर्ड जातीच्या काही कुत्र्यांना जन्मतः रात्रीचं दिसत नाही, दिवसाही फार कमी, आरपीई६५ हा जीन बिघडलेला असतो, आणि माणसाच्या मुलांना होणाऱ्या लेबर कंजेनिटल अ‍ॅमोरॉसिस या अंधत्वाच्या एका प्रकारात हाच जीन. ग्रेगरी अ‍ॅकलंड आणि गुस्ताव्हो अ‍ॅगिरे, दोघेही व्हेट, यांनी माणसांच्या डॉक्टरांबरोबर काम करून या कुत्र्यांच्या डोळ्यात जीन थेरपी दिली, २००१ मध्ये पेपर आला, लान्सलॉट नावाच्या कुत्र्याला दिसायला लागलं. डिसेंबर २०१७ मध्ये माणसांसाठीच्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. सोळा वर्षं. आंधळं कुत्रं तपासायला घेणारे डोळ्याचे व्हेट हेच या साखळीचं पहिलं टोक आहे, आणि तुम्ही दोन वर्षं जी प्रॅक्टिस केलीत ती वाया गेली असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा, कुत्र्याचा हाडाचा कॅन्सर, मांजराचं हृदय, हे आपोआप झालेले आजार मॉडेल म्हणून फार मोलाचे असतात आणि ते ओळखणारा माणूस अ‍ॅनिमल हाऊसमधे सहसा नसतो. दुसरं टोकही बघा. जानेवारी २०२२ मधे मेरीलँडला डुकराचं जेनेटिकली बदललेलं हृदय माणसात बसवलं, पेशंट दोन महिने जगला, आणि त्या हृदयात डुकराचा सायटोमेगालोव्हायरस निघाला, तपासण्या करूनही सुटलेला. लपून बसलेला व्हायरस कुठल्या टेस्टने, कुठल्या वयात पकडायचा, हा शुद्ध व्हेटर्नरी प्रश्न आहे.

पीएचडी? कॉलनी सांभाळणं, क्लिनिकल केअर, प्रयोगांना परवानगी देणाऱ्या कमिटीचं काम यात रमणार असाल तर बोर्डाची परीक्षा पुरे. स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतःची लॅब हवी असेल तर पीएचडी लागते, त्याशिवाय ग्रँट मिळणं कठीण. काही ठिकाणी रेसिडेन्सीला जोडूनच पीएचडी किंवा रिसर्च फेलोशिप असते, अमेरिकेत एनआयएच ही सरकारी आरोग्य-संशोधन संस्था तर व्हेटना रिसर्चर बनवण्यासाठी वेगळी ट्रेनिंग ग्रँट देते. पण एक गोष्ट, दोन्ही एकाच वेळी करायला जाऊ नका, सकाळी राउंड आणि रात्री लॅबमध्ये वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन शोधायची टेस्ट) असं करणारे मी पाहिलेत, शेवटी ना धड राउंड ना धड ब्लॉट.

अधिकाराबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. बऱ्याच देशांत नियम व्हेटला अधिकार देतात, त्रास होणाऱ्या प्राण्यावर उपचार करायचा, प्रयोग थांबवायचा, गरज पडली तर प्राण्याला शांतपणे मारायचा. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात संध्याकाळी सात वाजता मोठ्या प्रोफेसरचा फोन येतो, दोनच दिवस थांबा, पेपरचा शेवटचा पॉइंट आहे. माझा अनुभव असा की त्या फोनवर जिंकता येत नाही, ती लढाई प्रोटोकॉल लिहिताना जिंकायची असते. ट्यूमर किती मिलिमीटर झाला की थांबायचं, वजन किती टक्के उतरलं की थांबायचं, बॉडी कंडिशन स्कोअर किती (ट्यूमर वाढताना वजन तसंच राहतं आणि खालचा माऊस मात्र हाडं झालेला असतो, म्हणून पाठीवर बोट फिरवून स्कोअर बघायचाच), हे सगळं आधीच त्याच्याच सहीने लिहून घ्या. मग सात वाजता फोन आला तर तुम्ही नाही म्हणत नसता, तो स्वतःच स्वतःला नाही म्हणालेला असतो. मी हे फार उशिरा शिकले, मधल्या काळात दोन-तीन वेळा मी गप्प बसले, त्या केजचे नंबर अजून लक्षात आहेत.

मारण्याचं बोलायलाच हवं. हे काम आहे आणि तुम्हाला ते करावं लागणार, स्वतःच्या हाताने, बऱ्याचदा. क्लिनिकमधे तुम्ही म्हाताऱ्या आजारी कुत्र्याला शांत करता तेव्हा त्याचं दुखणं थांबवता, इथे बहुतेक वेळा ठणठणीत प्राणी मारता. तंत्र नीट शिका, कार्बन डायऑक्साइड वापरणार असाल तर चेंबरच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के दर मिनिटाला एवढाच वेग, फ्लोमीटर नसेल तर वापरू नका, नवजात पिल्लांना गॅसने फार वेळ लागतो म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पद्धत, आणि मेला याची खात्री केल्याशिवाय पिशवी बंद करायची नाही. मनाचं काय? ज्यांना काहीच वाटत नाही त्यांना मी घेत नाही, ज्यांना एवढं वाटतं की झोप लागत नाही त्यांना मी अटेंडंटबरोबर बोलायला लावते, कारण सगळ्यात जास्त प्राणी तेच वाढवतात आणि सगळ्यात जास्त तेच गमावतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही. आमच्याकडे एक मुलगी केज कार्डाच्या मागे पेन्सिलीने नावं लिहायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

शेवटचा मुद्दा, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले इवलेसे अवयव), चिपवरचे अवयव, कॉम्प्युटर मॉडेल आल्यावर हे करिअर संपणार का. डिसेंबर २०२२ मधे अमेरिकेत कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या टेस्टची सक्ती काढली, एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने मोनोक्लोनल अँटिबॉडीपासून सुरुवात करून प्राण्यांच्या टेस्ट कमी करत नेण्याचा आराखडा मांडला. टीजीएन १४१२ आठवलं की अँटिबॉडीच आधी का, ते समजतं. प्राणी कमी होतील आणि व्हावेतच. पण जे उरतील ते अवघड प्रश्नांसाठी उरतील, आणि इथे प्राणी नकोच असं कमिटीत छातीठोकपणे सांगणारा माणूस व्हेट असला तर ते जास्त ऐकलं जातं, कारण त्याच्या पोटावर पाय येतोय हे समोरच्याला दिसतं.

अर्ज करायच्या आधी कुठल्यातरी अ‍ॅनिमल हाऊसमधे एक दिवस मागून घ्या. चकचकीत ओटी दाखवतील, ती बघून झाली की अटेंडंट ज्या वहीत किंवा टॅबवर रोजच्या तक्रारी लिहितात ती मागा. तक्रार लिहिल्यापासून व्हेटची सही व्हायला किती तास गेले ते पाहा, आणि कोणी तक्रारच लिहिलेली नसेल तर जास्त सावध व्हा. मग अटेंडंटला, व्हेट जवळ नसताना, विचारा की शनिवारी संध्याकाळी काही झालं तर तुम्ही कोणाला फोन करता. त्याला नंबर तोंडपाठ असेल तर तिथे अर्ज टाका.